गाळलेलं वाक्य

घरात तिला कानू म्हणत. म्हणत म्हणजे काय, तोंडाने कुणी म्हणायचा प्रश्नच नव्हता. आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बहिरे. दोन बोटं कानाला लावायची आणि तीच छातीवर टेकवायची, 'माझा कान', अशी तिची हाक होती. शेजारच्या काकूंनी ती खूण बघून तिला कानू केलं, आणि मग गल्लीत, शाळेत, पुढे कामावरसुद्धा तेच नाव चिकटलं.

ती तान्ही असताना आई तिच्या पोटावर तळहात ठेवून झोपायची. मूल रडलं की पोट हलतं, एवढाच आईचा भरवसा. तोंडाने बोलायला कानू काकूंच्या घरी शिकली आणि हातांनी बोलायला आपल्या घरी. धड केसांची वेणीही घालता येत नव्हती तेव्हापासून ती घराचा कानही होती आणि तोंडही. दुकानदार, डॉक्टर, घरमालक, सगळ्यांचं बोलणं तिच्यामार्फत घरात यायचं आणि आईबाबांचं तिच्यामार्फत बाहेर जायचं.

एकदा घरमालक दारात येऊन तावातावाने बोलला. रात्रभर नळ वाहत राहिला होता. आईबाबांना पाण्याचा आवाज कुठून येणार? "सांग तुझ्या त्या बहिऱ्या बैलाला," असं म्हणून त्याने पुढे जे काही सांगितलं, त्यातलं कानूने बाबांपर्यंत इतकंच पोचवलं: काका म्हणतात, नळ नीट बंद करत जा. बाबांनी मान डोलावली. घरमालक गेल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं.

"त्याचा चेहरा लाल होता. नळाचं सांगताना कुणाचा चेहरा एवढा लाल होत नाही. काय म्हणाला?"

कानूने रडत रडत सगळं सांगितलं, बैलासकट. बाबा रागावले नाहीत. उलट डोक्यावर शिंगं करून त्यांनी आईला हसवलं. मग म्हणाले, "शिवी मला दिली होती ना? मग तू मधेच का ठेवून घेतलीस? माझी वस्तू मला द्यायची. चांगली असो, वाईट असो."

ते तिने मनावर घेतलं. बाबा गेले तेव्हा ती कॉलेजात होती, आणि तोवर एकाचं दुसऱ्याला सांगताना तिने कधी काही गाळलं नव्हतं.

बाबा ज्या कारखान्यात होते तिथे पत्र्याचे डबे बनत. रंगाचे, गोळ्यांचे, पावडरचे. पत्रा दाबून आकार देतात त्या प्रेसखात्यात इतका आवाज असे की चांगली ऐकणारी माणसंही काही वर्षांत ठार बहिरी होत. "इथे मुळातच बहिरे घेतले तर कुणाचंच नुकसान नाही," असं कुणीतरी गमतीने म्हणालं होतं. मॅनेजर साहेबांनी ते गमतीवारी नेलं नाही. मालकांची नाराजी पत्करून त्यांनी आधी बाबांना घेतलं, मग बाबांच्या ओळखीने आणखी काही जणांना. आई पॅकिंगमध्ये होती. बाबांच्या मागे साहेबांनी कानूलाही ऑफिसात लावून घेतलं. हजेरी-रजा बघायची, आणि गरज पडेल तेव्हा दुभाषी म्हणून उभं राहायचं. हे उपकार ती कधी विसरली नाही, आणि साहेबांनी ते कधी बोलूनही दाखवले नव्हते.

प्रेसवर मामा होते. नात्याने मामा नव्हेत. बाबांबरोबर बहिऱ्यांच्या शाळेत होते, तेवढंच. पण लहानपणी कानू जितकी बाबांच्या खांद्यावर बसली असेल तितकीच यांच्याही. लग्न केलं नाही. मिशी मात्र अशी जपलेली की मिशीला पीळ देणं हीच त्यांच्या नावाची खूण झाली होती. शाळा दुसरीतच सुटली होती. सही करता येत होती, वाचायचं म्हटलं की दुसऱ्याचं तोंड बघावं लागे.

त्यांची जोडी होती फिटरशी. फिटर ऐकणारा आणि बोलणारा, बोलणारा तर फारच. मशीन अडकलं की तो दुरुस्त करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मामांशेजारी डबा उघडून बसायचा. मामांकडून हातांची भाषा शिकला होता. त्यातली अर्धीअधिक चारचौघांत करण्यासारखी नव्हती. "याच्याशी गप्पा मारायला बसलं की माणूस उपाशी मरतो," असं तो कानूला सांगायचा. "बोलायचं तर हात रिकामे हवेत, आणि जेवायचं तर बोलणं बंद. देवाने तोंडाला दोन कामं दिली ती उगाच नाही."

प्रेसमध्ये पत्रा अडकला की फिटर मागच्या बाजूने आत हात घालून साचा साफ करायचा. आत जाण्याआधी तो एक बटण दाबायचा. त्या बटणाने पुढच्या बाजूला घंटा वाजायची आणि प्रेस चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाल दिवा लागायचा. घंटा ऐकणाऱ्यांसाठी, दिवा मामांसारख्यांसाठी. दिवा लागलेला असेतो प्रेस खाली आणायचा दांडा ओढायचा नाही. मागच्या माणसाला घंटा ऐकू यायची, दिवा मात्र दिसत नसे. मधे आख्खं मशीन आडवं.

तो दिवा गेला. मामांनी ऑफिसात येऊन कानूला सांगितलं, "दिवा मेला." कानूने फोरमनला सांगितलं. फोरमन म्हणाला, बघतो. पुढच्या आठवड्यात मामा पुन्हा आले, ती पुन्हा गेली. फोरमन म्हणाला, "अगं, उद्या बसवतो. एक दिवाच तर आहे, काय सूर्य आणायचाय?" तोवर फिटर आत जाण्याआधी पुढे येऊन मामांच्या खांद्यावर थाप मारायचा. मामा दोन्ही हात वर करायचे, मग तो मागे जायचा. असं चाललं होतं.

मग एका सकाळी ऑर्डरची घाई होती. फिटरने फोरमनला विचारलं, "दिवा बसवला का हो?" फोरमनने तिकडे न बघताच सांगितलं, "बसवला, बसवला. जा लवकर." फिटरने बटण दाबलं, घंटा वाजली, आणि तो मागे गेला.

किंकाळी सगळ्या खात्याने ऐकली, एकटे मामा सोडून. त्यांना कळलं ते माणसं तोंडं उघडी टाकून आपल्याकडे धावत येताना दिसली तेव्हा. तरी त्यांना क्षणभर वाटलं की आपल्यालाच काहीतरी झालंय. ते स्वतःचं अंग चाचपून बघत राहिले.

फिटरचा डावा हात मनगटापासून गेला.

मामा दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात गेले. एकटेच गेले, कानूसाठी थांबले नाहीत. फिटरने त्यांना बघितलं आणि डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसापुढे डोळे मिटले की सगळं बोलणं संपतं. मामा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. शेवटी फिटरच्या बायकोने त्यांना हाताला धरून बाहेर आणून सोडलं. हे मामांनी आईला सांगितलं, आणि आईने कानूला.

चौकशीला कारखाना निरीक्षक येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मॅनेजर साहेबांनी कानूला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं, तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. साहेब ओढलेले दिसत होते. दाढीही केलेली नव्हती.

"दिव्याचं तुला माहीत आहे," ते म्हणाले.

"हो. मीच सांगितलं होतं फोरमनना. दोनदा."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ कानू, फोरमनला मी सोडणार नाही, तो माझा प्रश्न. पण उद्या जर हे बाहेर आलं, की बहिऱ्या माणसाच्या मशीनवर दिवाच नव्हता, तर त्या निरीक्षक बाई काय लिहितील? फोरमन निष्काळजी असं लिहितील? छे! त्या एवढंच लिहितील, की बहिऱ्या माणसांना कारखान्यात ठेवणं धोक्याचं. मालक तर वाटच बघून आहेत. एकजात सगळे घरी. तुझी आईसुद्धा."

चहा आला. कानूने कप उचलला नाही.

"मी खोटं बोल म्हणत नाही. तसं मी तुला कधी सांगणार नाही. तुझ्या मामाला जेवढं विचारलं जाईल, तेवढ्याचंच उत्तर तू सांग. पुढचं पाल्हाळ राहू दे."

"ते पाल्हाळ नाही साहेब. तेच तर सगळं आहे."

"त्याला काही होणार नाही. फार तर ठपका. महिनाभर दुसऱ्या खात्यात. माझा शब्द." ते थांबले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी घेतलं तेव्हा मालक महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. मी काय आज त्यांच्याच माणसांचं वाईट करीन?"

"आणि मी गाळलं हे कुणाच्या लक्षात आलं तर?"

"कुणाच्या येणार?" साहेब खरोखरच नवल वाटून म्हणाले. "हातवारे इथे कळतात कुणाला?"

चहा तसाच गार झाला. इकडे आड तिकडे विहीर अशा वेळी माणूस उडी मारत नाही. तो काठावर बसून राहतो आणि उठायला उशीर करतो. कानूने ना हो म्हटलं, ना नाही. घरी गेल्यावर आईने विचारलं, चेहरा असा का? कानू म्हणाली, डोकं दुखतंय. आईला विचारायला हवं होतं, हे तिला पुढे फार वाटलं. त्या संध्याकाळी मात्र तिला वाटत होतं की आईला कशाला काळजीत टाका.

चौकशी कॅन्टीनमध्ये झाली. टेबलं भिंतीला सारून मधे एक लांब टेबल ठेवलं होतं. निरीक्षक बाई शांत, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांच्या बाजूला टाइप करणारा एक माणूस. साहेब, फोरमन. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, मिशी नीट करून आले होते. कानूला बघून त्यांचा चेहरा निवळला. आता आपलं माणूस आलं, असा.

बाईंनी विचारलं, "मशीन सुरू करण्याआधी दिवा लागलेला दिसला का?"

कानूने हातांनी विचारलं. मामांच्या हातांना जणू सुटका मिळाली.

"दिवा दिसला नाही. दिवा मेला होता. आधीपासून मेला होता. मी सांगितलं. हिला सांगितलं. हिने त्याला सांगितलं," त्यांनी आधी कानूकडे बोट केलं आणि मग फोरमनकडे, "तो म्हणाला उद्या. पुन्हा उद्या. फिटर रोज खांद्याला हात लावायचा. त्या दिवशी लावला नाही. का लावला नाही? मी रोज विचार करतो, का लावला नाही? मला कळलं असतं तर मी माझा हात तोडून घेतला असता."

शेवटच्या वाक्याला त्यांनी स्वतःच्या मनगटावर दुसऱ्या हाताची धार फिरवली. टाइप करणाऱ्याने मान खाली घातली.

कानू म्हणाली, "दिवा दिसला नाही, म्हणतात. आणि... त्यांना फार वाईट वाटतंय."

हे दोन्ही खरं होतं. तिने स्वतःला तेवढ्यातही बजावून घेतलं की हे खरं आहे. पण निरीक्षक बाईंचं लक्ष बोटाकडे गेलं होतं.

"ते तुमच्याकडे बोट का दाखवत होते?"

कॅन्टीनमध्ये पंखा फिरत होता. फोरमन नखं बघत होता. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मामा मात्र उत्सुकतेने तिच्या तोंडाकडे बघत होते. आपलं पोचतंय ना, म्हणून.

"मी त्यांची दुभाषी आहे," कानू म्हणाली, "असं सांगतायत."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि टाइप करणाऱ्याकडे वळल्या.

मामांनी कानूने मान हलवल्यावर सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी तिला थांबवून विचारलं, "सगळं सांगितलंस?"

"सांगितलं," ती म्हणाली. तेव्हा पहिल्यांदाच तिचे हात तिला जड वाटले.

अहवालात आलं की प्रेस चालवणाऱ्याने इशाऱ्याच्या दिव्याकडे लक्ष दिलं नाही. दिवा तोवर बसवलाही होता, झगझगीत. खात्यात कुणी काही बोललं नाही. ज्याला त्याला आपली नोकरी होती. साहेबांच्या शब्दाचं काय झालं, तर मालकांनी तो ऐकूनच घेतला नाही. मामांना काढून टाकलं. कानू तडक केबिनमध्ये गेली.

"तुम्ही ठपका म्हणाला होतात."

"म्हणालो होतो." साहेबांनी वर बघितलं नाही. "मी भांडलो, कानू. तुला पटणार नाही, पण भांडलो. मालकांचा हट्ट आहे, कुणीतरी गेलंच पाहिजे."

"मग मी निरीक्षक बाईंना खरं सांगते."

"काय सांगशील? मी खोटं सांगितलं, असं?" ते चिडून बोलत नव्हते, थकून बोलत होते. "तुझीही नोकरी जाईल, आणि तो काही परत येणार नाही. झालं ते झालं. बाकीचे तरी राहिलेत."

बाकीचे राहिलेत, हे कानूने आठवडाभर जपमाळेसारखं मनात फिरवलं. मामा गाव सोडून बहिणीकडे निघाले. जाण्याआधी आईला भेटायला घरी आले, तेव्हा कानू मुद्दाम ऑफिसात रेंगाळली. नको ते काम उकरून काढलं, कपाटं आवरली. घरी पोचली तेव्हा दोन कपबश्या ओट्यावर पालथ्या घातलेल्या होत्या आणि आई तिची वाट बघत दारासमोर खुर्ची टाकून बसली होती.

"बस," आई म्हणाली.

कानू बसली.

"तो म्हणतो, मी सगळ्यांना सांगितलं की दिवा मेला होता. पॅकिंगमध्ये बायका म्हणतात, तो दिव्याकडे बघत नव्हता असं ठरलं. एका टोकाला त्याचं बोलणं, दुसऱ्या टोकाला हे." आईने दोन्ही हात दूर धरले आणि मधली मोकळी जागा नजरेने दाखवली. "मधे कोण होतं?"

कानूला तोंडाने कदाचित काही रचून सांगता आलं असतं. हातांनी तिला घरात खोटं बोलता येईना.

"मी," ती म्हणाली. मग घाईघाईने सगळं सांगून टाकलं; साहेब काय म्हणाले, सगळ्यांच्या नोकऱ्या कशा गेल्या असत्या, आईची कशी गेली असती. "तुमच्यासाठी केलं. तुम्हा सगळ्यांसाठी."

"आम्हाला विचारलंस?"

कानूचे हात मांडीवर पडले.

"विचारलं असतंस तर आम्ही काहीतरी म्हणालो असतो. कदाचित गप्प राहा म्हणालो असतो. भ्यालो असतो, काय सांगावं! पण ते आम्ही ठरवलं असतं. आम्ही बहिरे आहोत, कानू. लहान मुलं नाही."

एवढं बोलून आई उठली, पाठ फिरवून दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागली. ऐकणाऱ्या माणसाने पाठ फिरवली तरी मागून हाक मारता येते. आईने पाठ फिरवली की तिथे भिंत. कानू बराच वेळ तिच्या मागे उभी राहिली. खांद्याला हात लावायचा धीर झाला नाही.

त्यानंतर आई तिच्याशी बोलत होती. जेव, छत्री ने, उशीर का झाला, सगळं. पण डोळे दाखवायला ती एकटीच डॉक्टरकडे गेली. दुकानात स्वतः जाऊन वस्तूंवर बोट ठेवून आणायला लागली. घरमालकाचा मुलगा काही सांगायला आला तर कानूला आतून बोलवायच्या ऐवजी ती त्याच्याच तोंडाकडे एकटक बघत राहायची, आणि काही न कळताही मान डोलवायची. कानूला शिव्या घातल्या असत्या तरी तिला एवढं लागलं नसतं.

एका रविवारी सकाळी ती फिटरच्या घरी गेली. बायकोने दार उघडलं. फिटर खाटेवर बसून एका हाताने बुटाची नाडी बांधायचा सराव करत होता. नाडीचं एक टोक दातांत होतं. कानूला बघून त्याने ते सोडलं.

"ये. काय म्हणतो तुझा मामा? आता तरी वर बघून काम करतो का?"

"दिवा बंद होता," कानू म्हणाली. "अपघाताच्या दिवशी दिवा लागतच नव्हता. नंतर बसवला."

फिटर हसला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी स्वतः दोनदा फोरमनना सांगितलं होतं. मामांनी चौकशीत हे सगळं सांगितलं. मी ते पुढे सांगितलं नाही."

फिटरच्या बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"फोरमन म्हणाला होता बसवला," फिटर स्वतःशीच म्हणाला. "मी विचारलं होतं त्याला. मी पुढे जाऊन खांद्याला हात लावला असता तर... चार पावलं तर होती." मग त्याचा आवाज चढला. "तो हॉस्पिटलात आला होता! माझ्या पायथ्याशी उभा होता खांबासारखा आणि मी डोळे मिटून पडलो होतो. त्याचं तोंड बघायचं नाही म्हणून! तुला काही वाटलं नाही गं?"

"वाटलं."

"हात यंत्राने नेला. त्याचं काय करणार, लोखंड ते. पण तो माझा मित्र होता, आणि तो तू नेलास."

कानू जायला उठली तेव्हा फिटर म्हणाला, "बस. नुसतं मला सांगून मोकळी होऊ नकोस. मी कपडे बदलतो. जाऊ त्या बाईंकडे."

दोघं गेले. निरीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मी बोटाबद्दल विचारलं होतं तुम्हाला." कानू म्हणाली, हो. पुन्हा चौकशी झाली, रखडत रखडत. फोरमनवर ठपका आला. मामांच्या नावावरचा दोष निघाला. कानूने त्याआधीच राजीनामा दिला होता. आणि साहेब म्हणाले होते तेही खरं झालं. बहिऱ्या कामगारांसाठी जागा सुरक्षित नाही, अशी नोंद झाली आणि मालकांनी तेवढीच उचलून धरली. एकेक करून सगळे निघाले. आईही. दिवे नीट करा असंही बाईंनी लिहिलं होतं. पण माणसं काढणं दिवे लावण्यापेक्षा सोपं होतं.

आधीच खरं सांगितलं असतं तर कदाचित हेच झालं असतं. पण तेव्हा सगळे मामांसकट एकत्र बाहेर पडले असते, आणि कुणाच्या माथी डाग नसता. कानूने हे पुष्कळदा मांडून पाहिलं. दर वेळी गणित तिथेच येऊन थांबायचं.

साहेब तिला एकदा रस्त्यात भेटले. ओळख दिली, तब्येत विचारली. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं तुला." त्यात टोमणा नव्हता. आपणही काहीतरी वाचवायला गेलो होतो, एवढंच त्यांना म्हणायचं असावं. कानू हो म्हणाली आणि पुढे गेली.

मामांच्या बहिणीच्या गावाला बसने अर्धा दिवस लागायचा. फिटरनेच बेत काढला. "मला त्याच्याशी बोलायचंय, आणि मला धड बोलता येत नाही. तू चल." कानूने आईला विचारलं, येतेस का? आई म्हणाली, तुमचं तुम्ही जा.

मामा एका रोपवाटिकेत कामाला लागले होते. हिरव्या जाळीखाली रोपांच्या रांगा, आणि ते उकिडवे बसून पिशव्यांत माती भरत होते. मिशी पांढरी झाली होती. फिटर त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. मामांनी आधी त्याचे बूट बघितले, मग बाही, मग चेहरा. उठून उभे राहिले.

फिटरने उजवा हात वर केला आणि खूण सुरू केली. त्या खुणेला दोन हात लागतात. त्याचा दुसरा हात आलाच नाही. बाहीचं रिकामं टोक नुसतं हललं. तो गोंधळला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडला. कानू मदतीला पुढे झाली. मामांनी तिच्याकडे न बघताच तळहात आडवा धरला. राहू दे. मग त्यांनी स्वतःचा डावा हात फिटरच्या उजव्या हातासमोर आणून धरला, आणि ती खूण पुरी केली. फिटरचा एक हात, मामांचा एक. तशी ती फिटरच्या तोंडची नेहमीची शिवी होती. मामा हसले. फिटर हसला आणि हसता हसता त्याला हुंदका फुटला.

दोघं कितीतरी वेळ तसे बोलत राहिले, अर्धं चुकीचं, अर्धं हवेत. कानू पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. शेवटी मामा तिच्याकडे आले.

तिने सगळं सांगितलं. कोणतं वाक्य गाळलं, बोटाबद्दल विचारल्यावर काय सांगितलं, बाहेर येऊन काय खोटं बोलली. मामा तिच्या हातांकडे बघत होते, अगदी लक्षपूर्वक.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मी एवढं बोललो," त्यांनी हात लांबवर पसरले, "आणि तुझं तोंड एवढंसंच हललं." दोन बोटांत तांदळाच्या दाण्याएवढी फट. "मला वाटलं, तुमची भाषा आखूड असेल. आमच्यात पुष्कळ लागतं ते तुमच्यात थोडक्यात होत असेल. म्हणून बाहेर आल्यावर विचारलं. तू सांगितलं म्हणालीस. मग मी पुन्हा कशाला विचारू? तू म्हणालीस म्हटल्यावर?"

कानूने क्षमा मागितली. हात जोडले, छातीला लावले, पुन्हा जोडले. मामांनी तिचे हात धरले नाहीत आणि झटकलेही नाहीत. "आई कशी आहे?" त्यांनी विचारलं. "काम मिळालं का तिला?" कानू म्हणाली, शिवणकाम करते. ते म्हणाले, चांगलं आहे. मग आतून कुणीतरी खडा मारून त्यांचं लक्ष वेधलं आणि ते मातीच्या ढिगाकडे परत गेले.

कानू घरी पोचली तेव्हा आई मशीनवर बसली होती. पायडल थांबवून तिने विचारलं, "भेटला? काय म्हणाला?"

कानूने सांगितलं. रोपवाटिका, मिशी, दोघांची ती एकेका हाताची शिवी. आई किंचित हसली.

"आणखी?"

कानूने तुमची भाषा आखूड असेल, तेही सांगितलं.

"आणखी?"

"तू कशी आहेस विचारलं. शिवणकाम करते म्हटलं, तर चांगलं आहे म्हणाले."

"आणखी?"

"एवढंच. आई, एवढंच."

आई तिच्या हातांकडे बघत राहिली, जणू त्यातून अजून काही निसटून खाली पडेल. मग सावकाश मान डोलावून तिने कापड सुईखाली सरकवलं.